अडुसष्ट नंबरचा माणूस

पोराच्या शाळेत नाटक होतं आणि त्यात त्याला म्हाताऱ्या शेतकऱ्याचा कोट पाहिजे होता, म्हणून मागच्या महिन्यात आम्ही सनीव्हेलच्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानात गेलो. ही दुकानं मला आवडत नाहीत आणि आवडतातही. आत शिरलं की ड्रायरमध्ये टाकतात त्या सुगंधी कागदाचा वास येतो आणि त्याच्या खाली, अगदी तळाला, कुणाच्यातरी बंद कपाटाचा. एवढे शर्ट, एवढ्या पँटी, आणि प्रत्येक घालून कुणीतरी कधीतरी आरशासमोर उभं राहिलेलं असणार. पोरगं हँगर खर्रखर्र सरकवत चाललं होतं ते एकदम थांबलं आणि हसायला लागलं. "बाबा, हे बघ ना. यांना नाव पण सुचलं नाही." फोर्टीनायनर्सची, म्हणजे आमच्या इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमची, लाल जर्सी होती. पाठीवर भला मोठा ६८ आणि वर, जिथे प्लेअरचं आडनाव असतं तिथे, नुसतं पर्सन. म्हणजे माणूस. "जेनेरिक प्लेअर आहे," पोरगं म्हणालं, "औषधं असतात ना तसा." मी पण हसलो. कोट मिळाला, सहा डॉलर दिले, घरी आलो.

रात्री झोप लागेना.

कारण मला माहीत होतं की ते खरं आडनाव आहे. माइक पर्सन. मोंटाना राज्यातल्या ग्लेनडाइव्ह नावाच्या गावचा, फोर्टीनायनर्सचा राइट गार्ड, सुपर बोल म्हणजे वर्षाची फायनल खेळलेला माणूस. हे पोराला तिथल्या तिथे सांगता आलं असतं, त्याला अशा गोष्टी आवडतातही. पण ते सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं की तुला कसं माहीत, तुला तर क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, सोडून कुणाचं नाव येत नाही, आणि मग मला २ फेब्रुवारी २०२० ची गोष्ट सांगावी लागली असती.

तर ती गोष्ट. फ्रिमाँटला एका मित्राकडे सुपर बोलची पार्टी होती. दरवर्षी असते. स्लो कुकरमध्ये मिसळीचा कट, ग्वाकामोलेच्या शेजारी भडंग, मुलं वरच्या खोलीत, अर्धे लोक जाहिराती बघायला आलेले आणि उरलेले हाफटाइमला शकीरा बघायला. आमच्या इथली टीम फायनलला म्हणून सगळ्यांच्या अंगात लाल. मी तेव्हा बेंचवर होतो, दुसरा महिना. आयटीत नसलेल्यांसाठी सांगतो, बेंचवर म्हणजे क्लायंटने प्रोजेक्टवरून रिलीज केलेलं असतं, नवीन प्रोजेक्ट मिळालेलं नसतं आणि व्हिसाचं कॅलेंडर डोक्यात टिकटिकत असतं. पार्टीत कुणालाच सांगितलं नव्हतं. "काय म्हणतंय काम?" "चाललंय." असं करत करत तीन बिअर झाल्या होत्या. चौथ्या क्वार्टरला आपण २०-१० ने पुढे आणि मग सगळं उलटं फिरलं. कॅन्सस सिटीचा तो क्रिस जोन्स नावाचा आडदांड डिफेन्सवाला समोरून हात वर करायचा आणि आपल्या क्वार्टरबॅकने, गॅरोपोलोने, फेकलेला बॉल हवेतच थापटून खाली पाडायचा, एकदा नाही, परत परत. तेव्हा मी सोफ्यावरून उठून ओरडलो, "अरे तो अडुसष्ट नंबर कोण आहे, काढा रे त्याला बाहेर!" सगळे हसले. दोघातिघांनी "काढा काढा" करून साथ पण दिली. जोन्ससमोर त्या क्षणी नक्की कोण उभं होतं हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि आज रिप्ले लावून दिला तरी छातीठोकपणे सांगता येणार नाही. लाल-पांढऱ्या गर्दीत मला तेवढा एक नंबर दिसला, बस. हरलो ३१-२० ने.

परतताना बायको गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसून फोनवर उगाच तो ६८ नंबर शोधला. आडनाव वाचून आधी हसू आलं. मग खाली त्याच्या करिअरचं पान उघडलं आणि ते पान म्हणजे नुसती ये-जा होती. या तारखेला घेतला, त्या तारखेला रिलीज केला, मग उचलला, मग सोडला. रिलीज. आमचाच शब्द. मी स्क्रीन बंद केली, परत चालू केली, परत वाचलं.

२०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजची मुलं पाळीपाळीने उचलतात त्यात, एकूण २५४ मुलं निवडली गेली त्यात हा २३९ वा. सातवी म्हणजे शेवटची फेरी. त्याच वर्षी त्याच टीमने ३६ व्या नंबरावर कोलिन कॅपरनिक घेतला होता, तो जगाला माहीत झाला. हा आला मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीतून. ग्लेनडाइव्ह म्हणजे यलोस्टोन नदीकाठी पाचेक हजार वस्तीचं गाव, बाजूला मकोशिका नावाचं उजाड टेकड्यांचं पार्क जिथे डायनासोरची हाडं सापडतात. तिथून हा सँटा क्लाराला आला, म्हणजे आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर, कारण टीमचं प्रॅक्टिसचं मैदान तेव्हाही तिथेच होतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये शेजारी नव्या स्टेडियमचं भूमिपूजन झालं आणि त्याच वर्षी याला जायला सांगितलं. बाजूला पाया खणताहेत आणि हा बॅग भरतोय. मग त्याच एका सीझनमध्ये इंडियानापोलिस, तिथून सिएटल. २०१३ ला सेंट लुईस, दोन वर्षं. २०१५ ला अटलांटा. २०१६ मध्ये थोडे दिवस कॅन्सस सिटी. २०१७ ला परत इंडियानापोलिस. आणि २०१८ ला परत सँटा क्लारा, त्याच मैदानावर, आता शेजारी अख्खं स्टेडियम उभं.

त्यांच्याकडचा कारभारही आमच्यासारखाच निर्दय, फक्त जास्त उघड. उन्हाळ्यात कॅम्पला नव्वद मुलं असतात आणि सीझन सुरू व्हायच्या आत त्रेपन्न ठेवायची. कट करायच्या दिवशी टीमचा एक माणूस खोल्याखोल्यांतून फिरतो, त्याला खेळाडू टर्क म्हणतात, आणि त्याचं वाक्य ठरलेलं असतं की कोचने बोलावलंय, प्लेबुक, म्हणजे टीमच्या डावांची वही, घेऊन ये. प्लेबुक घेऊन ये म्हणलं की समजायचं. हल्ली प्लेबुक टॅब्लेटवर असतं, तर टॅब्लेट परत करायचा. आणि नवीन असाल तर रिलीज झाल्यावर साधारण एक दिवस तुम्ही कुणाचेच नसता, त्या चोवीस तासांत दुसऱ्या कुठल्या टीमने तुमच्यावर हक्क सांगितला की तिकडे जायचं, तुम्हाला कुणी विचारत नाही की बाबा रे सिएटलला पाऊस फार असतो, चालेल का. हक्क नाही कुणी सांगितला तर घरी बसा, व्यायाम करा, फोन चार्ज करून ठेवा. मंगळवारी टीमला सुट्टी असते, त्या दिवशी टीमवाले असे घरी बसलेले लोक ट्रायलला बोलावतात. कुणीतरी रविवारी गुडघा मोडून घेतलेला असतो ना, त्याच्या जागी.

हे वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले. ते परळच्या एका गिरणीत कित्येक वर्षं बदली कामगार होते. संगमेश्वरकडून आलेले, साच्यावर, म्हणजे मागावर, काम करता येत होतं पण साचा स्वतःचा नव्हता. बदलीचं कार्ड खिशात घालून भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम असलेला कुणी आजारी पडला, गावाला गेला, कुणाला रात्री जास्त झाली, तर आत घ्यायचे. नाहीतर परत. आजी मात्र डबा रोज द्यायची, न चुकता, आत घेतलं तर उपाशी राहायला नको म्हणून. बाबा सांगतात, की आजोबा घरात शिरून डबा ओट्यावर ठेवायचे त्या आवाजावरून चाळीतल्या त्या दहा बाय दहामध्ये सगळ्यांना कळायचं. रिकामा डबा ठणकन वाजायचा. भरलेला ठेवला की ठप्प. ठप्प झालं की आजी काही न बोलता डबा उघडायची आणि त्यातली भाकरी मुलांना वाटून द्यायची, आणि बाबा म्हणतात आम्हाला पोरांना तर ठप्प आवडायचं, कारण डब्यातली चटणी घरच्या चटणीपेक्षा जरा जास्त तेल घालून केलेली असायची.

मी डिसेंबरात क्लायंटला लॅपटॉप परत देऊन घरी आलो तेव्हा खांद्यावरची बॅग टेबलावर ठेवली. बायको किचनमध्ये पाठमोरी होती. वळली नाही. म्हणाली, "आज हलकी वाजली." बस एवढंच.

आता या गार्डचं काम काय ते सांगतो, कारण ते मी नंतर चार वर्षं रविवार-रविवार बसून शिकलो, प्रायश्चित्त म्हणा. बॉलच्या रेषेवर पाच जण उभे असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. प्रत्येक जण १३५-१४० किलोचा. यांचं काम समोरच्या तेवढ्याच वजनाच्या माणसाला आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत पोचू न देणं, किंवा बॉल घेऊन पळणाऱ्यासाठी फट करून देणं. पुढे फेकलेला पास यांनी झेलायचा नाही, तो नियमच आहे, पन्नास ते एकोणऐंशी नंबर म्हणजे तुम्ही झेलणाऱ्यांतले नाही. यांच्या नावावर रन नाही, विकेट नाही, गोल नाही. दोन-तीन सेकंद. तेवढा वेळ विकत घ्यायचा, आणि मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा घ्यायचा. एकोणसत्तर वेळा घेतला तर कॅमेरा तुमच्याकडे वळत नाही. सत्तराव्या वेळी पाय सरकला की क्वार्टरबॅक जमिनीवर आणि तेच चार अँगलमधून. आणि एक गोष्ट मला फार थोर वाटते, की या माणसांचा उल्लेख स्टेडियमच्या माइकवर फक्त गुन्हा केल्यावर होतो. रेफरी माइक चालू करतो, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून दाखवतो आणि म्हणतो, होल्डिंग, ऑफेन्स, नंबर अडुसष्ट, दहा यार्ड. नाव पण नाही घेत. सत्तर हजार लोकांसमोर नुसता नंबर, ढापलेल्या वस्तूसारखा.

हे काम मी एकदा ऑफिसच्या ग्रुपवर दहीहंडीच्या खालच्या थराशी जोडली होती आणि लोकांनी अंगठे पण दिले. पण ती उपमा बरोबर नाही. खालच्या थरावर वजन असतं, मान्य, पण समोरून १४० किलोचा माणूस तो थर फोडायला धावून येत नाही. त्यापेक्षा कबड्डीतली साखळी जवळची. पकडलेला हात सुटला की कुणाचा सुटला हे साखळीतल्या दोघांनाच माहीत असतं, प्रेक्षक भलत्यालाच शिव्या घालतात. मी घातल्या तशा.

सेंटरचं काम तर आणखी अवघड. तो वाकून बॉल दोन पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. क्वार्टरबॅक बऱ्याचदा चार-पाच यार्ड मागे उभा असतो आणि सेंटरला मागे बघायची सोय नाही, कारण समोरचा राक्षस बॉल हलला की अंगावर येणार. म्हणजे नजर पुढे, हात मागे, आणि बॉल न बघता बरोबर छातीपाशी गेला पाहिजे. स्वयंपाकघरात उभं राहून मागे न बघता हॉलमध्ये बसलेल्याला लिंबू फेकून बघा, आणि ते करताना कुणीतरी तुम्हाला ढकलतंय असं समजा. २०१५ ला अटलांटाने सीझन तोंडावर आल्यावर आपला जुना सेंटर जो हॉली याला काढलं आणि ते काम पर्सनला दिलं. पर्सनसाठी ही संधी केवढी असेल. चार वर्षं गेटवर उभा राहिल्यावर स्वतःचा साचा मिळाला. चौदा मॅच त्याने सेंटर म्हणून सुरू केल्या. टीम पहिल्या पाच मॅच जिंकली. आणि स्नॅप बिघडायला लागले. कधी उंच, कधी बाजूला, क्वार्टरबॅक मॅट रायन बिचारा मागे उड्या मारून पकडतोय. ज्यांनी ज्यांनी टीव्हीवर पाहिलं त्यांनी नाव लक्षात ठेवलं, पहिल्यांदाच. पाच शून्यावरून सीझन आठ जिंकल्या, आठ हरल्या यावर संपला, तो काही एकट्या स्नॅपमुळे नाही, पण लोकांना कारण पाहिजे असतं. पुढच्या मार्चमध्ये टीमने ॲलेक्स मॅक नावाचा तयार, नावाजलेला सेंटर आणला आणि २०१६ मध्येच पर्सनला सोडलं. हॉलीच्या जागी हा, याच्या जागी मॅक. आणि तो हॉली, त्याची पण मजा आहे, पुढे दोन-तीन वर्षांनी खेळ सोडून, सामान देऊन टाकून, कुत्र्याला घेऊन व्हॅनमध्ये देशभर फिरत राहिला. मला तो फोटो बघून हेवा वाटला होता. माझ्याकडे कुत्रा नाही आणि व्हॅनला पार्किंग नाही.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण मी त्या रात्री गाडीत ही बेरीज केली आणि मोठ्याने 'आयला' म्हणालो. २०१२ ला फोर्टीनायनर्सनी याला सोडलं, त्याच सीझनला ते सुपर बोलला गेले. २०१३ ला सिएटलने सोडलं, त्याच सीझनला सिएटलने सुपर बोल जिंकला, ४३-८ असा धुव्वा उडवून. २०१६ ला अटलांटाने सोडलं, त्याच सीझनला अटलांटा सुपर बोलमध्ये. तीन वेळा. आपल्याकडे सून घरात आली की पायगुण बघतात, याचा जाण्याचाच पायगुण होता. घरून टीव्हीवर बघत असेल का हा? की लावतच नसेल? कालपर्यंत ज्या लॉकरशेजारी बूट काढत होतो त्या लोकांच्या अंगावर रंगीत कागदाचे तुकडे पडताना बघायला काय वाटत असेल, हे मला थोडं माहीत आहे, अगदी थोडं, कारण मी बांधलेलं एक सॉफ्टवेअर मी गेल्यानंतर तीन महिन्यांनी गो-लाइव्ह झालं आणि त्याच्या केक कापण्याच्या फोटोत माझ्या खुर्चीवर केकचा रिकामा बॉक्स ठेवलेला होता. मला टॅग केलं होतं. मी लाइक केलं.

पण मला त्या पानावर सगळ्यात जास्त अडकवलं ते २०१८ ने. अटलांटात पर्सनचे स्नॅप डोक्यावरून जात होते तेव्हा तिथला ऑफेन्सचा, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाच्या खेळाचा, कोच होता काइल शॅनाहन. म्हणजे तो प्रत्येक बिघडलेला स्नॅप ज्याच्या आखलेल्या प्लेचा सत्यानाश करत होता तो माणूस. आणि तोच शॅनाहन पुढे फोर्टीनायनर्सचा हेड कोच झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने पर्सनला बोलावून घेतलं. जगात दुसऱ्या कुणाला याची खोट इतक्या जवळून माहीत नव्हती. पण त्याने सेंटरला नाही लावलं, गार्डला लावलं. एक घर बाजूला. बस, फक्त एक घर. शॅनाहनच्या पद्धतीत लाइनचे पाचही जण एकदम आडवे सरकतात, एका लयीत, लेझीमच्या रांगेसारखे, तिथे नुसत्या वजनापेक्षा पाय चपळ लागतात आणि ती भाषा आधीपासून येणारा माणूस सोन्यासारखा. पर्सनला ती येत होती. बॉल मागे द्यायचं तेवढं त्याच्याकडून काढून घेतलं. २०१८ ला सोळाच्या सोळा मॅच हा सुरुवातीपासून उभा. टीम हरत होती, चार जिंकल्या, बारा हरल्या, पण हा होता. पुढच्या वर्षी करार वाढवून मिळाला.

मी यावर बराच विचार केलाय, जरा जास्तच. आपली चूक बघितलेला माणूस आपल्याला परत बोलावतो तेव्हा तो मान असतो की सोय? स्वस्त पडतो, शिकवावं लागत नाही, तक्रार करणार नाही. असंही असेल. की तो खरंच म्हणत असतो, मला माहितीये तुला काय येत नाही, ते सोडून ये? त्या पार्टीनंतर दोनेक आठवड्यांनी मला माझ्या एका जुन्या लीडचा फोन आला. हैदराबादचा माणूस. २०१६ ला मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरत असलेल्या चालू सिस्टिमवर, चुकीची स्क्रिप्ट चालवली होती आणि पहाटे चारपर्यंत तो माझ्या शेजारी बसून एकेक टेबल परत भरत होता, एक शब्द न बोलता, फक्त दर तासाला उठून दोन कॉफ्या आणायचा. न बोलणं इतकं जड असतं हे मला त्या रात्री कळलं. तर तो म्हणाला, टीममध्ये जागा आहे, ये. मी थँक्यू म्हणायच्या आत पुढे म्हणाला, पण प्रॉडक्शनचा ॲक्सेस तुला देणार नाही हां, टेस्टिंगला ये. मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो, हसत होतो की काय करत होतो ते मला आरशातही कळलं नाही. अपमान होता आणि सुटका पण होती, दोन्ही इतकं एकात एक की सोलून वेगळं करता येईना. आज सहावं वर्ष, टेस्टिंगलाच आहे. बरं चाललंय. शुक्रवारी संध्याकाळी कीबोर्डवर हात ठेवताना अजून पोटात काहीतरी होतं, ॲक्सेस नसतानाही.

मार्चमध्ये लॉकडाउन लागला, माझा नवा लॅपटॉप कुरिअरने आला, दारात ठेवून कुरिअरवाला पळून गेला, आम्ही तो खोका सॅनिटायझरने पुसून घेतला. त्याच सुमारास फोर्टीनायनर्सनी पर्सनला रिलीज केलं. डिसेंबरपासून मानेचं दुखणं सुरू झालेलं, त्यात मॅच पण हुकल्या होत्या, पण प्लेऑफला परत येऊन उभा राहिला होता तो. म्हणजे मी सोफ्यावरून 'काढा रे त्याला' ओरडलो तेव्हा तो दुखरी मान घेऊन उभा होता. आणि दोन महिन्यांत काढलाच. नऊ सीझन, सहा टीम. त्यातल्या दोन टीममध्ये दोन-दोनदा.

एक मॅच मात्र मी अजून अधूनमधून लावतो. सुपर बोलच्या आधीची, १९ जानेवारी २०२०, ग्रीन बे विरुद्ध. त्यात गॅरोपोलोने अख्ख्या मॅचमध्ये फक्त आठ पास फेकले. आठ! बाकी सगळं रहीम मोस्टर्ट पळाला, २२० यार्ड, चार टचडाउन. मोस्टर्टचीही गोष्ट अशीच, सहा टीमनी सोडलेला, सोडल्याच्या तारखा लिहून ठेवलेल्या आणि मॅचच्या आधी तो त्या वाचायचा. ती गोष्ट त्या रात्री सगळ्या देशाने ऐकली, आणि ऐकावीच, माणूस वाऱ्यासारखा पळाला. पण पहिल्यांदा बघताना डोळे त्याच्यामागेच जातात. दुसऱ्यांदा बघताना बॉलकडे बघायचंच नाही असं ठरवा, फार अवघड जातं, मान आपोआप वळते. फक्त उजवीकडच्या गार्डकडे बघा. बॉल हलतो, पाचही जण एकदम उजवीकडे एक पाऊल, दुसरं पाऊल, ६८ चा खांदा समोरच्याच्या काखेखाली जातो, ढकलत नाही, नुसतं त्याला त्याच्याच वजनाने पुढे जाऊ देतो, आणि मध्ये दाराएवढी जागा उघडते. त्यातून एक लाल रेघ निघून जाते. कॅमेरा तिच्यामागे जातो. फ्रेम सोडताना कोपऱ्यात अगदी अर्धा सेकंद दिसतं, की गार्ड पडलेल्या माणसावरून उठतोय आणि ज्याला पाडला त्यालाच हात धरून उठवतोय की काय, पण तेवढ्यात कट.

तर मागच्या शनिवारी कोट परत द्यायच्या निमित्ताने, खरं तर परत घेत नाहीत ते, मी पोराला घेऊन त्या दुकानात गेलो. जर्सी तिथेच होती, हँगर बदललेला. टॅगवर आठ डॉलर. गाडीत बसल्यावर पोराला सगळं सांगितलं, ग्लेनडाइव्ह, टर्क, डब्याचा आवाज, सोफ्यावरून ओरडणं. त्याने सगळं ऐकून विचारलं, "मग तो जिंकला का कधी?" म्हणलं नाही रे, एकदाच गेला आणि हरला. "आणि तू त्याला शिव्या दिल्यास." हो. "मग जर्सी तू घाल," तो म्हणाला, "मला मोठी होते."

मला बरोबर बसली, पोटावर जरा ताणून. मागच्या पॅटिओत पोरगं पाच पावलं मागे जाऊन उभं राहिलं, मी वाकलो. वाकल्यावर पहिलं कळतं ते हे, की मागचं जग नाहीसं होतं, समोर फक्त कुंपणाच्या फळ्या आणि कानात स्वतःचा श्वास. पोरगं क्वार्टरबॅकसारखं हट म्हणालं आणि मी बॉल मागे सोडला. तो त्याच्या हातांवरून, डोक्यावरून गेला आणि तुळशीच्या कुंडीवर आदळला. माती, तुकडे, मंजिऱ्या सगळीकडे. आतून बायकोचा आवाज आला, "काय फुटलं? कुणी फोडलं रे?" पोरगं ताठ उभं राहिलं, माइक चालू केल्यासारखी कमरेवर बोटं नेली, माझ्याकडे हात केला आणि रेफरीच्या आवाजात म्हणालं, "ऑफेन्स, नंबर अडुसष्ट."